मलो

"वाच."

हेडसरांनी हातातली पट्टी भिंतीवर टेकवली. प्रार्थना संपली होती, पण पोरांना रांगेतच उभं ठेवलं होतं. मी सातवीत होते. पुढ्यात प्रयोगशाळेची बाहेरची भिंत आणि पाठीमागे अख्खी शाळा.

भिंतीवर निळ्या ऑइल पेंटनं एक ओळ लिहिलेली होती. अक्षरं टपोरी, सरळ रेषेत, कुठे थेंब ओघळलेला नाही.

मले शिकायचे आहे.

मी वाचलं, "मले शिकायचे आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरीकडे कोणी. हेडसर थांबले. पोरांचं हसून होऊ दिलं.

"पुन्हा. मोठ्यानं."

मी पुन्हा वाचलं. आता सगळीच हसली. शिक्षकसुद्धा. विज्ञानाच्या मॅडमनी तोंडावर पदर धरला होता.

"कोणी लिहिलं हे?"

"माह्या बाबानं."

"माह्या बाबानं!" त्यांनी माझा आवाज काढून दाखवला. "ऐकलं का सगळ्यांनी? दोन अक्षरं धड लिहिता येत नाहीत अन् निघाले शाळा रंगवायला. फुकटात मिळालं की असंच मिळतं."

शिपायानं चुन्याचा डबा आणि ब्रश आणून ठेवला.

"पूस. बापानं घाण केली, पोरीनं साफ करायची."

हात पोचत नव्हता म्हणून एक स्टूल आणलं गेलं. 'मले'चं 'मला' करायला फार काही लागत नाही. 'ल'च्या डोक्यावरची मात्रा पुसायची आणि बाजूला एक काना ओढायचा. बस. मात्रा मी चुन्यानं झाकली. बाबांच्याच उरलेल्या निळ्या रंगात ब्रश बुडवून काना ओढला. तो वाकडा आला.

"आता वाच."

"मला शिकायचे आहे."

"शाब्बास. जा वर्गात."

रडले नाही. लोक विचारतात, तेव्हा किती वाईट वाटलं असेल. नाही वाटलं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तसं सगळं अंग झालं होतं. वर्गात जाऊन भूगोलाचं पुस्तक काढलं. तास झाला. डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा अकोल्यात पाट्या रंगवायचे. किराणा दुकान, दवाखाना, सायकल स्टोअर्स, मटण शॉप. शाळा त्यांची चौथीतच सुटली. अक्षरं ते पाट्यांवरूनच शिकले. जुनी पाटी बघायची आणि तशीच्या तशी उतरवायची. नजर अशी की एकदा पाहिलेलं अक्षर हातातून हुबेहूब उतरायचं. वस्तीतल्या विहाराची पाटी त्यांची. चौदा एप्रिलच्या कमानीवरची अक्षरंही दरवर्षी त्यांचीच. लोक उभं राहून बघायचे आणि ते न बघितल्यासारखं करायचे.

आमची शाळा अनुदानित. म्हणजे पगार सरकारचा, बाकं सरकारची, प्रयोगशाळेतल्या काचा सरकारच्या. मालकी मात्र संस्थेची, आणि रुबाब तर त्याहून संस्थेचा. पालकांनी आपापल्या परीनं शाळेला हातभार लावावा असं हेडसरांनी पालकसभेत सांगितलं होतं. बाबांनी आपणहून हात वर केला. म्हणाले, भिंती मी लिहून देतो. आठवडाभर सायकलवर डबे लटकवून येत राहिले. कागदावर लिहून दिलेले सुविचार त्यांनी एकही चूक न करता उतरवले. शेवटची ही एक भिंत उरली, तेव्हा कागद संपला होता. शिपायानं तोंडी सांगितलं. बाबांनी तोंडीच ऐकलं.

'शिकायचे आहे' त्यांनी बरोबर लिहिलं. तसलं सरकारी वाक्य त्यांनी कितीतरी भिंतींवर लिहिलं होतं. फसले ते पहिल्या शब्दावर. फार नंतर माझ्या लक्षात आलं, की कोणत्याच दुकानाच्या पाटीवर 'मला' हा शब्द नसतो. शोधून बघा. 'येथे मिळेल' असतं, 'बंद राहील' असतं, 'उधार मागू नये' असतं. 'मला' कुठेच नसतं. बाबांनी तो शब्द जन्मात कधी उतरवला नव्हता. म्हणून जसा बोलतात तसा लिहिला.

घरी मी काही सांगितलं नाही. वस्तीतल्या पोरांनी सांगितलं. बाबा हात धूत होते. टर्पेंटाइननं रंग काढत होते.

"काहून? मले म्हंजे मलेच ना?" त्यांनी आईला विचारलं.

आई म्हणाली, "आपल्यात. पुस्तकात मला राह्यते."

बाबा बराच वेळ बोटांच्या फटी पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरीले पुसाले लावलं?"

आईनं चुलीवरचं भांडं उतरवलं.

त्यानंतर बाबांनी अक्षरं सोडली. भांडण नाही, शपथ नाही. नुसतं, पाटीचं काम आलं की म्हणायचे, टाइम नाही भाऊ, दुसरा पाहा. भिंती, दारं, खिडक्यांचे गज असं सपाट काम तेवढं घ्यायचे. त्या वर्षीची चौदा एप्रिलची कमान मूर्तिजापूरच्या एका पोरानं लिहिली. बाबा मिरवणुकीत होते. कमानीखालून जाताना त्यांनी मान वर केली नाही. मी बघत होते.

भिंतीनं मात्र आणखी एक गंमत केली. ऑइल पेंटवर चुना टिकत नाही. ज्यानं जन्मभर भिंती रंगवल्या त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण हेडसर कशाला विचारतात. महिना-दोन महिन्यांत चुन्याचा पापुद्रा निघाला आणि खालून बाबांची मात्रा पुन्हा वर आली. आता मात्राही होती आणि माझा वाकडा कानाही होता. मात्रा आणि काना एकत्र आले की काय होतं, ते पहिलीतलं पोरगंही सांगेल.

मलो शिकायचे आहे.

झालं. त्या दिवसापासून माझं नाव मलो. "ए मलो, डस्टर आण." "मलो, तुझा नंबर." हजेरीत खरं नाव असायचं, पण त्या नावाला मी हजर म्हटलं तरी वर्ग हसायचा. पुण्याची भाषा नाही, वऱ्हाडाची नाही, कुठल्याच गावात कुणी बोलत नाही असा शब्द. तो माझा झाला.

मी एक उपाय काढला. तो शब्द बोलायचाच नाही. 'मले' तोंडातून निघेल म्हणून भीती, आणि 'मला' म्हटलं तर जीभ वाकडी केल्यासारखं वाटायचं. म्हणून दोन्ही बंद. "पाणी हवंय." "समजलं नाही." "पेन राहिलं." वाक्यं चालतात तशी. कुणाला हवंय, कुणाला समजलं नाही, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. सवय इतकी पक्की झाली, की आजही हे लिहिताना तो शब्द माझ्या स्वतःसाठी मी वापरलेला नाही. वर जाऊन बघा.

पण त्या शब्दाशिवाय काही मागता येत नाही. हे फार उशिरा कळलं.

आमच्या शाळेत आठवीपासून तुकड्या व्हायच्या. 'अ' म्हणजे सेमी इंग्लिश. तिला प्रयोगशाळा. 'ब' अधलीमधली. 'क'मध्ये उरलेले आम्ही. कागदावर तसं काही नव्हतं. कागदावर सगळे सारखेच. पण प्रयोगशाळेची किल्ली 'अ'च्या मॅडमच्या पर्समध्ये असायची, आणि शाळेत सगळे म्हणायचे, सेमीत गेली तरच सायन्स, नाहीतर भाकरी थाप.

प्रयोगशाळा माझ्या डोक्यात पाचवीपासून बसलेली होती. खिडकीच्या जाळीतून एकदा आत पाहिलं होतं. वरच्या वर्गातल्या एका मुलीनं कागदाची पट्टी कशात तरी बुडवली आणि तिचा रंग बदलला. एवढंच. त्या पट्टीसाठी शाळेत यायचे असं म्हटलं तरी चालेल. आपणही ती पट्टी बुडवायची, हे ठरवून टाकलं होतं.

सातवीत माझे मार्क 'अ'मध्ये बसतील असे होते. चांगले बसतील असे. पण रिवाज असा, की सेमी हवी असणाऱ्या पोरांनी हेडसरांच्या खोलीत जाऊन स्वतः सांगायचं. आत्मविश्वास बघतो, असं ते म्हणायचे. पोरं पाठ करून यायची. "सर, मला सेमी इंग्लिशमध्ये शिकायचे आहे, कारण..."

मी आत गेले.

"हं, मलो. बोल."

"सेमी."

"काय सेमी?"

"सेमी पाहिजे."

"कोणाला?"

मी टेबलाकडे बघत राहिले.

"कोणाला पाहिजे? टेबलाला? खुर्चीला?" शेजारी बसलेल्या क्लार्कनं हसून मान हलवली. "पूर्ण वाक्य बोल. एक वाक्य नीट बोल, दिली तुला सेमी."

शब्द तोंडात होता. दोन्ही होते. एक चुकीचा आणि एक त्यांचा. जीभ टाळूला चिकटली ती चिकटली.

"हिला स्वतःलाच माहीत नाही कोणाला शिकायचंय," हेडसर क्लार्कला म्हणाले. "'क'मध्ये टाका. तुमच्या लोकांना पुढे सवलती आहेतच, काळजी कशाला करता?"

बाहेर आले. व्हरांड्यात चपला घातल्या. काही वाटलं नाही.

आता हेडसरांची एक गोष्ट. ते मूळचे धामणगावकडचे. घरचे गडगंज. दुपारी व्हरांड्यात उभे राहून भावाशी फोनवर बोलायचे. "मले टाइम नाही रे भाऊ, तूच पाहून घे. मले काहून विचारून राहिला?" मी स्वतः ऐकलंय, कितीदा तरी. गॅदरिंगमध्ये दरवर्षी एक वऱ्हाडी नाटुकलं व्हायचं. 'अ' तुकडीतली, डॉक्टर-वकिलांची पोरं धोतर बांधून "काहून बे, मले पायजे" करायची आणि पहिल्या रांगेत बसलेली संस्था पोट धरून हसायची. गोडवा आहे हो आपल्या भाषेत, असं अध्यक्ष माइकवर म्हणायचे. सतरंज्या 'क' तुकडी उचलायची. म्हणजे शब्द तोच. त्यांच्या तोंडात गोडवा आणि माझ्या बापाच्या हातात घाण.

'क'ची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गणिताचे सर अर्धं वर्ष निवडणुकीच्या कामावर, उरलेलं अर्धं 'अ'कडे. विज्ञानाचे प्रयोग आम्ही केले नाहीत, उतरवले. मॅडम फळ्यावर लिहायच्या. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्ही प्रयोगवहीत उतरवायचो. निरीक्षण म्हणजे ज्या गोष्टीकडे आपण पाहिलंच नाही ती. माझ्या शेजारी कांचन बसायची. तिच्या घरी फुलांचा धंदा, बोटांना कायम झेंडूचा वास. ती एकदा म्हणाली, "आपण आंधयाची वही लिहून राहिलो वं." मी हसले. हसायचं असतं म्हणून.

तरी वही पाठ झाली होती. तांबडा लिटमस चुन्याच्या निवळीत निळा होतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. न पाहिलेला निळा.

दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरच्या शाळेतल्या एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. अमरावतीच्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'क' तुकडीला प्रयोगशाळेचं दार उघडलं. आत अ‍ॅसिडचा आणि जुन्या लाकडाचा वास. टेबलावर परीक्षानळ्या, स्टँड, काचेच्या बशीत लिटमसच्या पट्ट्या. सगळं मांडून ठेवलेलं.

"कोणी कशाला हात लावायचा नाही," आमच्या मॅडम म्हणाल्या. "निरीक्षण लिहा आणि निघा. मार्क मिळतील. फुटलं-बिटलं तर भरून कोण देणार?"

परीक्षक मॅडम मोबाइल बघत होत्या. पोरं लिहायला लागली. तांबडा लिटमस निळा झाला. तांबडा लिटमस निळा झाला. बाकाबाकावर तेच वाक्य, आणि पट्ट्या बशीत तांबड्याच्या तांबड्या.

मीही लिहिलं. अर्धं वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. राग आला होता असं नाही. फक्त डोळ्यासमोर पट्टी होती आणि ती तांबडी होती आणि मी निळी लिहीत होते. आजवर सगळं असंच झालं होतं. भिंतीवर, वहीत, हेडसरांच्या खोलीत. जे आहे ते पुसायचं आणि त्यांना पाहिजे ते ओढायचं.

मी उभी राहिले.

"काय गं?" आमच्या मॅडम म्हणाल्या.

"करायचंय."

"काय करायचंय?"

"प्रयोग."

"कोणाला?"

आवाज दारातून आला. हेडसर फेरीवर आले होते. तोच प्रश्न. तसंच हसू. "अरे, मलो! बोल, बोल. कोणाला करायचाय?"

वर्गातली पोरं वाट बघत होती. परीक्षक मॅडमनी मोबाइल खाली ठेवला.

"मले," मी म्हणाले.

तीन वर्षांनी तो शब्द तोंडातून बाहेर आला. घोगरा आला.

हसले सगळे. आमचीच पोरं हसली, सवयीनं. हेडसरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. पाहुण्या मॅडम समोर होत्या ना, म्हणून आवाजात साखर आली.

"बाळा, 'मला' म्हण. एवढंच म्हण. मी स्वतः नळी देतो तुझ्या हातात."

त्यांनी खरंच परीक्षानळी उचलली आणि पुढे धरली.

हे नीट सांगते. तो शब्द येत होता. न्हाणीघरात दार लावून कितीदा म्हणून पाहिला होता. काना स्पष्ट यायचा, अगदी बातम्या देणाऱ्या बाईसारखा. तोंड उघडायचं आणि पाचवीत जाळीतून पाहिलेली गोष्ट हातात. समोर नळी होती. आणि एकदम बाबांचा हात दिसला. टर्पेंटाइननं बोटांच्या फटी पुसणारा. त्या फटींत रंग उरलाच नव्हता, तरी पुसत होता.

"मले करायचा आहे," मी म्हणाले. "मले. माह्या घरी असंच म्हनते. तुमी फोनवर म्हनता तसंच."

हेडसरांच्या हातातली नळी तशीच राहिली. ती मी घेतली नाही. टेबलावरची घेतली. निवळी ओतली. पट्टी उचलली, बुडवली.

निळी झाली. पुस्तकात लिहिलं होतं तेवढीच. जास्त नाही, कमी नाही.

"मलेई पाह्यचं आहे," मागून कांचन म्हणाली. ती उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आणखी एक-दोघं उठली. बाकीची खाली मान घालून लिहीत राहिली. तांबडा लिटमस निळा झाला.

"बाहेर हो," हेडसर म्हणाले. आता साखर नव्हती. "बापाला घेऊन ये."

परीक्षक मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. त्यांनी सही केली. अमरावतीची गाडी गाठायची होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. अंगावर डिस्टेंपरचे ठिपके असलेला शर्ट. हेडसरांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुमची मुलगी उर्मट आहे. शिक्षकांना उलट बोलते. माहीत आहे का तुम्हाला?"

बाबांनी हेडसरांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मले माईत आहे सर," ते म्हणाले.

बस. एवढंच बोलले. हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. हेडसर पुढे बरंच बोलले, प्रात्यक्षिकाचे मार्क, शाळेचं नाव, दाखल्यावरचा शेरा. बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "झालं काय सर? कामावर जाचं आहे."

बाहेर पडताना ती भिंत लागली. बाबा तिच्याजवळ तीन वर्षांत आले नव्हते. थांबले. पेंटरच्या नजरेनं पाहिलं, डोळे बारीक करून. फिकी मात्रा. वाकडा काना. मलो.

"हा काना कोणं ओढला?"

"मीनं."

बोटानं त्यांनी तो काना वरून खाली चाचपला. रंगाचा टवका निघतो का बघितलं.

"वाकडा आहे," म्हणाले. आणि सायकल काढली.

मार्क कापले गेले. प्रात्यक्षिकाचे बाकीच्यांना वाटायचे तसे वाटले, आम्हा उठलेल्यांना तळाचे. अकोल्यातल्या चांगल्या कॉलेजात सायन्सची जागा तेवढ्यानं हुकली. मूर्तिजापूरला मिळाली. रोज पॅसेंजरनं जायचे-यायचे. कांचननं शाळा सोडली, ती आता बाजारात हार करते. बाबांनी अक्षरं पुन्हा हातात घेतली नाहीत. हेडसर रिटायर झाले, मोठा सत्कार झाला. कोणाचं काही बिघडलं नाही. गोष्ट गोड व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नाही.

सध्या मी अमरावतीत बी.एस्सी. करते. प्रयोगशाळेत रोज जाते. सर शिकवून झालं की विचारतात, "कोणाला समजलं नाही?"

मी हात वर करते. "मले."

हसतात. पहिल्या वर्षी हसायचे, दुसऱ्या वर्षी हसतात, पुढेही हसतील. एका सरांनी बाजूला घेऊन समजावलं, बेटा, इंटरव्ह्यूला असं चालणार नाही, आतापासून सुधार. चांगले आहेत ते. त्यांनाही सांगितलं, लिहायच्या जागी बरोबर लिहीन सर, पेपर तपासून पाहा. मागायच्या जागी माझ्या बापाच्या शब्दात मागीन. ते म्हणाले, नुकसान होईल. म्हटलं, होऊ द्या. ते कसं असतं ते पाहिलंय.

आतून अजून फारसं काही वाटत नाही. तो सुईचा गाल पूर्ण उतरलेला नाही. पण हसणं संपेपर्यंत उभी राहते. मग पुन्हा तेच म्हणते, त्याच आवाजात. मले समजलं नाही. मले परत दाखवा. मले तिथं बसायचं आहे. मले पायजे.

त्या भिंतीवरचा तो काना मी ओढला होता. स्टुलावर चढून, माझ्या हातानं, माझ्या बापाच्या रंगानं. पुन्हा ओढणार नाही.